मनगटावरचा सेन्सर

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नवं पर्व. उजव्या मनगटावर सेन्सर बांधला. व्हायोलिन वाजवताना हात वर गेला की कॉम्प्युटरमधून घंटा, झटका दिला की गडगडाट. ऑर्केस्ट्रात तेवीस वर्षं मागच्या रांगेत काढली; आता अख्ख्या हेग शहराला कळेल हा एव्हर्ट कोण ते! प्रोग्रॅम सित्स्के लिहितेय. तिशीची मुलगी, हुशार. हसते जरा जास्त.

८ फेब्रुवारी
पहिली तालीम. नाक खाजवलं, गडगडाट झाला. सित्स्केची कॉफी तिच्याच मांडीवर. दोष सेन्सरचा.
संकल्प: वाजवताना नाक विसरणे.

११ फेब्रुवारी
घरी सराव. बायको, हानेके, म्हणाली, "वाजवतोयस की माश्या हाकलतोयस?" तिला आधुनिक संगीतातलं काही कळत नाही. तिचं वाटाण्याचं सूप मात्र दोनदा घेतलं.

१९ फेब्रुवारी
चमत्कार! सेन्सर आता माझं मन ओळखतो. उदास सूर लावला, हात हलायच्या आत कॉम्प्युटरमधून खर्ज आला. सित्स्केला म्हटलं, याला साधना लागते. ती टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.

२० फेब्रुवारी
ऑर्केस्ट्राचा राजीनामा दिला. हानेकेला १ मार्चच्या कार्यक्रमानंतर सांगेन. यशाच्या भरात सोपं जाईल.

१ मार्च, शनिवार
कार्यक्रम. चाळीस माणसं. मी असे हात फिरवले, असे फिरवले! टाळ्या थांबेनात. नंतर एका बाईंनी सेन्सर पाहायला मागितला. म्हणाल्या, "याचा दिवा लागत नाही वाटतं?"
सित्स्केकडे पाहिलं. ती लाल झाली. म्हणाली, "अहो, दुसऱ्या तालमीपासूनच बंद केलाय मी. कान फुटायचे बाकी होते. तुमचं वाजवणं ऐकत बाकीचे आवाज कॉम्प्युटरवरून मीच काढत होते."
मी विचारलं, मग हातवारे?
"लोकांना वाटलं नाच आहे."

३ मार्च
राजीनामा परत घ्यायला गेलो. मॅनेजर म्हणाला, "राहू दे रे, एक खुर्ची कमी करायचीच होती."
हानेकेला सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग राजीनाम्याचं ऐकलं आणि घरखर्चाची वही काढली.

५ मार्च
सित्स्केचा फोन. जूनमध्ये उट्रेख्तला कार्यक्रम आहे, तुम्हीच हवेत म्हणाली. "तुमचा सूर ऐकला की मला सुचतं. पण अट आहे. सेन्सर घरी ठेवायचा आणि खुर्चीवर बसून वाजवायचं."
कलावंताला असल्या अटी! विचार करून कळवतो, असं ठणकावलं, आणि ती फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं.