पालकांचे म्हणणे, जोडपत्रांसह

३ फेब्रुवारी

वहीबाई, कशा आहात? कोपरे दुमडलेत, म्हणजे आमच्यासारखंच चाललंय. माझा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. धाकट्या बहिणीचा खोकला गेला, बोलणं परत आलं — खोकला बरा होता! नातीची सर्दी निम्मी उतरली. तिच्या काचेच्या पेटीतल्या गोगलगायी ठणठणीत. या घरात पहिली काळजी त्यांचीच.

नात म्हणजे आमची प्रश्नपत्रिका. आईबाप बदलीच्या नोकरीत, म्हणून शाळेपासून माझ्याकडे. विद्यापीठातही पालक म्हणून माझंच नाव लागलंय. आज जेवताना तिने जाहीर केलं — विद्यापीठ काही मुलांना स्वतःच्या खर्चाने परदेशी संशोधनाला पाठवतं, आणि तिला अर्ज करायचाय. गोगलगायीच्या चिकट्यापासून जखमेवर लावायचा डिंक बनवतात म्हणे. तो शिकायला तीन महिने!

"इथल्या गोगलगायींचं काय बिघडलंय?" मी विचारलं.

"गोगलगायी इथे आहेत हो आजोबा, यंत्रं तिकडे आहेत."

"मग यंत्रंच बोलाव की इकडे," धाकटी म्हणाली. "त्यांना निदान सर्दी होत नाही."

६ फेब्रुवारी

काय एकेक तऱ्हा! तिकडची प्रयोगशाळा म्हणते, आधी खर्च मंजूर झाल्याचं दाखव, मग बोलावतो. विद्यापीठ म्हणतं, आधी बोलावणं दाखव, मग मंजूर करतो. पोर बिचारी मधल्यामध्ये, आणि दोन्हीकडून "आधी तुम्ही, आधी तुम्ही"! शेवटी तिकडच्या प्रयोगशाळेच्या बाईंनीच कळवलं — ये, तुझ्यासाठी टेबल राखून ठेवते. भली बाई दिसते.

रात्री दोनदा उठून दाराची कडी तपासली. चहा जास्त झाला असेल.

९ फेब्रुवारी

"माझीच निवड का करावी" हे एक पानभर लिहायचंय. पोरीने तीन ओळी लिहिल्या. तिन्हींत गोगलगायींचं कौतुक, स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

"दादा, तू शिकव तिला," धाकटी म्हणाली. "जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास."

मी शिकवलं — पहिला शब्द 'उत्तम', दुसरा 'खात्रीशीर', आणि खाली 'एकदा अनुभव घ्या'.

"आजोबा! मी काय इस्त्रीचं दुकान आहे?"

१२ फेब्रुवारी

आज माझी पाळी. अर्जासोबत एक कागद पालकाने भरायचा असतो. वर छापलंय 'पालकांचे म्हणणे' आणि खाली तळहाताएवढी जागा. "दोन ओळी लिहा, सही करा, पाकीट बंद करून ठेवा. मी उद्या नेऊन देते," असं म्हणून पोरगी पसार.

दोन ओळी? पोरीला परक्या घरी राहायला पाठवायचं तर त्या माणसांना नीट सांगायला नको? लिहिलं सगळं. लवकर उठवलं तर दिवसभर गाल फुगवून बसते. कामात बुडाली की जेवायचं विसरते, ताट समोर नेऊन ठेवावं लागतं. छत्र्या हरवते. चूक दिसली की समोरच्याचं वय बघत नाही, बोलून मोकळी होते. विजा कडाडल्या की माझ्या खोलीत येऊन बसते, आणि "सहज आले" म्हणते. जागा पुरेना, मग चार कागद जोडले. मथळा लाल रंगात काढला, अक्षरांना निळी सावली दिली. हात अजून चांगला चालतो!

"दोन ओळींना केवढा डिंक लावतोस रे?" धाकटीने विचारलं.

२० फेब्रुवारी

मुलाखत झाली. आली ती चपलांसकट खुर्चीत बसली.

अध्यक्षांनी म्हणे आधी माझेच कागद काढले आणि मोठ्याने वाचले. गाल फुगवण्यापाशी सगळे हसले, छत्र्यांपाशी पुन्हा हसले. मग एका चष्मेवाल्याने विचारलं, "तुमचे आजोबा लिहितात, तुम्ही कुणाचं वय बघत नाही. तिकडच्या बाईंशीही भांडाल का?" ही म्हणाली, "चुकल्या तर हो." त्यानंतर कुणी हसलं नाही.

मी म्हटलं, "उत्तर तर झकास दिलंस!"

तिने चपला काढून हातात घेतल्या. मग म्हणाली, "आजोबा, खरं सांगा. मी जायला नकोय ना तुम्हाला?"

"काहीतरीच!" मी म्हणालो.

२१ फेब्रुवारी

अबोला. गोगलगायींशी तेवढं माझं पूर्वीसारखं आहे.

२२ फेब्रुवारी

धाकटीने कच्चा मसुदा शोधून काढला आणि चष्मा लावून वाचला. "दादा, यात तिची एक चांगली गोष्ट दाखव."

शोधली. सापडेना. म्हटलं, "चांगलं काय, ते त्यांना दिसेलच. अडचणी सांगाव्या लागतात."

"पाट्यांवर असं लिहिलं असतंस ना, तर आपण दोघं उपाशी मेलो असतो!"

चपला घातल्या आणि बाहेर पडलो. मी! बहिणीपुढून पळालो!

१ मार्च

"आजोबा, कोबीची पानं शिळी आणलीत. त्या खात नाहीत."

बोलली! धावत जाऊन ताजा गड्डा आणला. गुडघा कुरकुरलाही नाही.

११ मार्च

निवड झाली! पोरीने धाकटीला उचलून गिरकी घेतली. "ठेव मला खाली, हाडं मोजून दिलीत देवाने!" दोघी हसून बेजार. मीही हसलो.

दुपारी विद्यापीठातून फोन. कचेरीतल्या बाई होत्या. "आजोबा, तुमचे कागद आम्ही सगळ्यांनी वाचले हो, फार मजा आली. पण फाइलला चालत नाहीत. नवा कागद नातीसोबत पाठवलाय. त्यावर एवढंच लिहा — माझी हरकत नाही — आणि सही. चौदा तारखेपर्यंत आलं नाही तर यादीतल्या पुढच्या मुलाचा नंबर लागेल. नियम आहे हो."

१३ मार्च

कागद टेबलावर आहे. कोरा.

या हाताने गावभर लिहिलंय — आत येऊ नये, गाडी लावू नये, भिंतीला टेकू नये. कधी अडला नाही. आणि आता तीन शब्द उतरत नाहीत. चहा केला. पेन बदललं. चष्मा पुसला. धाकटी दारातून म्हणाली, "दादा, आज टोमणा मारणार नाही. घाबरलास ना?" मी मान हलवली. कशी हलवली, मलाच कळलं नाही.

चार कागदांत मी फिरूनफिरून एकच गोष्ट लिहिली होती: हिला नेऊ नका. पोरीला ती मुलाखतीत ऐकतानाच वाचता आली. मला वाचायला एवढा उशीर!

ती टेबलाजवळून दोनदा गेली. कागदाकडे पाहिलं. दुसऱ्यांदा उघडं पेन बंद करून ठेवलं.

१४ मार्च

लिहिलं. साधं अक्षर, रंग नाही, सावली नाही. पोरगी घेऊन गेली.

वहीबाई, पुढचं तुमच्यासाठी नाही. पोरी, त्या चार कागदांत मी अक्षर न् अक्षर खरं लिहिलं होतं. आज लिहिलंय ते खोटं आहे. तरी जा. आणि पोचलीस की लगेच पत्र लिही.