दारातली पऱ्हाटी
देऊळघाट, मंगळवार, संध्याकाळ

बीटी कपाशी असूनही आमच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली. शेजारचं वावर रहीमचाचांचं, म्हणून अळी तिकडूनच आली असं धरून मी मधल्या धुऱ्यावर त्यांनाच नको ते बोलले. बाबा भडकले, "लागून हाये म्हणून त्याचीच काऊन? आपल्या दारात चुलीसाठी रचलेली मागच्या सालच्या कपाशीची वाळली पऱ्हाटी पाह्यली का तुनं? अळी तिच्यातच दडते."

उद्या माझा खगोलशास्त्राचा शोधनिबंध पाठवायचाय. क्वेसार या दूरच्या, झगझगीत दीर्घिकाकेंद्राच्या वर्णपटात वाटेतल्या वायूने उमटवलेली काळी रेघ. फोटोत शेजारी दिसली त्या दीर्घिकेच्या नावावर ती टाकून मी मोकळी! त्या दीर्घिकेचं अंतर मोजलं का? नाही. खरी दीर्घिका क्वेसारच्याच झगझगाटात दडली असली तर?

निबंध थांबवता येईल. धुऱ्यावरचं बोलणं कसं मागे घेऊ? रोज चहाला येणारे रहीमचाचा आज आले नाहीत.