नववं घर

प्रिय वेंडेल,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. जो माणूस ते घेऊन तुझ्या दारात उभा आहे, त्याला आधी आत घे. खुर्चीवर कपड्यांचा ढीग असेलच, तो उचल, त्याला बसव, गरम काहीतरी दे आणि मग वाचायला घे. तो कोण, कशाला आला, ते मी सांगतेच. तो स्वतःहून तोंड उघडायचा नाही. पत्र लांब आहे, तेव्हा कॉफी मोठ्या कपात दे.

इकडची पहिली बातमी ही की तुझ्या बहिणीचा धंदा यंदा खुद्द चर्चनेच बुडवला. हसू नकोस. नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे माझ्या दुकानाचा सुगीचा काळ, तुला माहीतच आहे. मी चकचकीत कागद, फिती, काचेचे गोळे, सगळं हौसेनं मांडून ठेवलं होतं. आणि पहिल्याच रविवारी फादर केलेमेननी प्रवचनात सांगून टाकलं, "ज्याच्या घरात सगळं आहे त्याला आणखी काय बांधून देता? मुलांना भेटी येशूबाळ आणेल, ते त्याचं काम. मोठ्यांनी मात्र यंदा एकमेकांसाठी काही विकत आणायचं नाही. द्यायचंच असेल तर हात द्या, वेळ द्या, आणि ज्याला हवं आहे त्याला द्या." मी पहिल्या बाकावर बसले होते. सगळं चर्च माझ्या मानेकडे बघत होतं, ते मला मागे न वळताही कळत होतं. मिस्सा संपल्यावर मी त्यांना दारातच गाठलं. म्हटलं, "फादर, आता मीही दुकानात प्रवचन देते, कुणी चर्चला जाऊ नका म्हणून." तर म्हणतात कसे, "दे की एतेल्का. तुझ्या दुकानात लोक निदान जागे तरी असतात." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

पण खरं सांगू? असा डिसेंबर मी या गावात पाहिला नव्हता. शेजारच्या हेर्मिना मावशीचं सरपण कुणी फोडून रचून ठेवलं, ते अजून तिला कळलेलं नाही. ती रोज एकेकावर संशय घेते आणि रोज वेगळ्याच माणसाला केक खाऊ घालते. शाळेच्या बाईंनी म्हाताऱ्यांचे पडदे उतरवून धुऊन पुन्हा टांगून दिले. गिऱ्हाईक नाही म्हणून मी दुकानाला कुलूप लावून त्यांच्याबरोबर गेले, आणि तिथे एका आजीबाईंनी मला दोन तास त्यांच्या तरुणपणचे प्रताप ऐकवले. पोट दुखेपर्यंत हसले मी. गल्ला रिकामा होता, आणि मी मात्र शीळ घालत घरी आले. आईने विचारलं, "आज खप चांगला झाला वाटतं?"

आईचं म्हणशील तर तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही. तू पाठवलेली खोकी तिने जपून ठेवली आहेत. कॉफीचं यंत्र कपाटावर आहे, पाय चोळायचं यंत्र पलंगाखाली. जमिनीवर आपोआप फिरून झाडणारी ती गोल तबकडी एकदाच सुरू केली. कुत्रा घाबरून दोन दिवस अंगणातून आत आला नाही. तेव्हापासून तिच्यावर विणलेला रुमाल घालून आईने वर मरियामातेची मूर्ती ठेवली आहे. कुणी आलं की आई एकेक खोकं उघडून दाखवते, "माझ्या वेंडेलने पाठवलं." आलेला माणूस निघायला लागला की आणखी एक खोकं काढते.

तुला आठवतं, लहानपणी नाताळच्या झाडाला टांगलेल्या चॉकलेटी तू हळूच खायचास आणि कागद पुन्हा तस्सा फुगवून, टोकांना पीळ देऊन फांदीवर टांगून ठेवायचास? झाड उतरवायच्या दिवशी बाबा एकेक कागद दाबून बघायचे. सगळे पोकळ! बाबा ओरडायचे, "या घरात उंदीर झालाय, आणि त्याला कागदाला पीळ घालता येतो!" तुझी खोकी बघितली की मला ते कागद आठवतात. रागावू नकोस. वरून किती नीट बांधलेली असतात, एवढंच म्हणते.

आता तसबिरीबद्दल सांगते. नाताळच्या आधी नऊ संध्याकाळी पवित्र कुटुंबाची तसबीर अजूनही घरोघर फिरते. बाहेरचे योसेफ-मरियाच्या वतीने दाराशी गाऊन जागा मागतात, आतले आधी नाही म्हणतात, मग दार उघडतात. एक रात्र तसबीर त्या घरी मुक्काम करते. नववं घर गरजूचं, ही जुनी रीत, पण तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे गरजू म्हणजे हेर्मिना मावशीची चुलत बहीण, वर्षानुवर्षं तीच. तिच्याकडे आता दोन फ्रीज आहेत. गेल्या वर्षी फादर केलेमेननी ठरवलं, नववं घर ओढ्यापलीकडे, रोमा लोकांच्या वस्तीत, सिदोनियाचं. बायका कुजबुजल्या, "तिकडे कुत्री फार आहेत." फादर म्हणाले, "बेथलेहेमातही होती."

मग आम्ही गेलो. आणि आमच्या हातून काय झालं असेल? दुसऱ्या कुठल्या गावात हे होणार नाही. प्रत्येकीने आपल्या मनाने, दुसरीला न विचारता, नाताळचा गोड रोल, बेइग्ली, भाजून आणला होता. कुणाचा खसखशीचा, कुणाचा अक्रोडाचा. टेबलावर ढीग लागला, टेबल दिसेना. मीही दोन नेले होते. हेर्मिना मावशी तेवढ्यातही दुसऱ्यांच्या बेइग्लीला गेलेल्या चिरा बघत होती. आणि मग आमच्या लक्षात आलं की खोलीत आमच्या तोंडातून वाफ निघते आहे. धुराडं कोसळलं होतं, चूल पेटत नव्हती, मुलं कोट घालून बसली होती. आठवडाभर आम्ही घरी भट्ट्या तापवत होतो, पण "तुला काय हवंय गं?" हे एकीनेही विचारलं नव्हतं.

आम्हाला लाज वाटली, आणि लाज वाटलेली माणसं जे करतात तेच आम्ही केलं. तसबीर ठेवली, तोंडातल्या तोंडात शुभेच्छा पुटपुटलो आणि दाराकडे वळलो. तर सिदोनिया दारात आडवी उभी. कमरेवर हात. म्हणाली, "बायांनो, माझ्या लग्नातसुद्धा एवढं गोड नव्हतं! पण हे काय? योसेफ-मरियाला जागा मागता आणि स्वतः बसत नाही? सगळे जण दारातूनच देतात आणि दारातूनच पळतात. बसा ना. थंडी काय, माणसं बसली की कमी होते." बसलो. पलंगावर, खोक्यांवर, फादर पालथ्या बादलीवर. तिने सगळे बेइग्ली कापले आणि आम्हालाच वाढले. तिच्या नवऱ्याने व्हायोलिन काढलं. वेंडेल, इतकी वर्षं ती गाणी म्हणतेय मी, पण त्या संध्याकाळी त्यांचा अर्थ पहिल्यांदा कळला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले पुरुष विटा घेऊन ओढा ओलांडताना दिसले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून दोन नवे नियम झाले. नवव्या घरी जायच्या आधी जाऊन विचारायचं, काय हवंय. आणि पुढचं नववं घर कुठलं, ते आधीच्या नवव्या घराने सांगायचं. म्हणजे यंदा सिदोनियाने. चर्चशेजारच्या खोलीत सगळे जमले होते. ती उभी राहिली, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "एतेल्काताईंच्या आईचं घर."

मी ताडकन उभी राहिले. आमचं? माझं दुकान आहे, छप्पर शाबूत आहे, तळघरात हिवाळा पुरून उरेल एवढे बटाटे आहेत! "आमच्या घरात काय कमी आहे गं?" असं मी सगळ्यांसमोर विचारलं, आणि चांगलंच चढ्या आवाजात. ती शांतपणे म्हणाली, "शरद ऋतूत मी अळंबी द्यायला आले होते. तुमच्या आईने मला एकेक खोकं दाखवलं. सगळी दाखवून झाली, तर पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागली. ताई, अंधार पडला तरी ती मला सोडेना. इतकं भरलेलं आणि इतकं रिकामं घर मी आमच्या वस्तीतसुद्धा पाहिलेलं नाही." मी खाली बसले. त्या क्षणी मला ती बाई आवडली नाही, पण तिचं म्हणणं मला खोडता येईना.

रीतीप्रमाणे फादर केलेमेन घरी आले आणि आईला विचारलं, काय हवंय. तुला आई माहीत आहे. साधं मीठसुद्धा मागून घेणार नाही. ती चष्मा पुसत बसली. बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "दाराबाहेर योसेफ हवा. हेर्मिना म्हणते ते कडवं, पण तिचा आवाज आता योसेफाला शोभत नाही." बस, एवढंच. तुझं नाव तिने घेतलं नाही. फादर माझ्याकडे बघायला लागले आणि मी कुत्र्याकडे.

योसेफाचं कडवं बाबा म्हणायचे. त्यांच्यानंतर गावातल्या एकाही पुरुषाने ते घेतलं नाही. आणि त्यांचा आवाज आपल्या घरात एकालाच आला आहे, मला तर बेडकाचा आला. आता जे आपण फोनवर कधी बोलत नाही, ते लिहिते. बाबा गेले तेव्हा डिसेंबर होता आणि तुझ्या लिंझच्या गोदामात भेटवस्तूंची पाकिटं भरायची सगळ्यात मोठी घाई. तुला सोडलं नाही. तू पोचलास तेव्हा माती टाकून झाली होती. थडग्यापेक्षा मोठा फुलांचा हार घेऊन तू फाटकाशी उभा होतास आणि तुला कळत नव्हतं की तो कुठे ठेवायचा. त्याच संध्याकाळी तू परत गेलास. तेव्हापासून दर नाताळला खोकं येतं, तू येत नाहीस. गावात तुला कुणीही बोल लावलेला नाही, वेंडेल. हेर्मिना मावशीनेसुद्धा नाही, आणि ती तर संतांनाही नावं ठेवते. लोक आजही एवढंच म्हणतात, बिचारा पोरगा किती गारठला होता. तो हार अजून तुझ्या हातातच आहे असं मला वाटतं. ठेव आता खाली. तू आम्हाला हवा आहेस. मलाही हवा आहेस, हे मी कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

तर समोर बसलेल्या माणसाची ओळख. हा देझो, सिदोनियाचा नवरा, तोच व्हायोलिनवाला. जुनं फर्निचर विकत घ्यायला तो तुमच्याकडे ऑस्ट्रियात येतो. सणाआधीचा हा त्याचा सगळ्यात कमाईचा आठवडा, पण आज त्याने व्हॅन रिकामी आणली आहे. पेट्रोलच्या पैशांचं विचारलं तर त्याला राग आला. म्हणाला, "माझ्या घरात बसलात ना तुम्ही? मग ही माझी पाळी." चर्चने यंदा नवव्या घराला द्यायची भेट ती हीच, व्हॅनमधली देझोच्या शेजारची जागा. तुझा पत्ता आम्ही खोक्यांवरूनच उतरवून घेतला, म्हणजे त्यांचा एक उपयोग झाला. सुट्टी मिळणार नाही म्हणशील. बाबांच्या वेळी तू विचारून पाहिलंस आणि ते नाही म्हणाले, ते मला माहीत आहे. आता पुन्हा विचार, आणि या वेळी त्यांच्या उत्तरासाठी थांबू नकोस. हातात काही आणू नकोस. खोकं दिसलं तर आई ते देझोच्या व्हॅनमध्ये परत टाकणार आहे, तिने मला तसं बजावून सांगितलं आहे. कानटोपी मात्र आण. उद्या संध्याकाळी तुला दाराबाहेर बर्फात उभं राहायचं आहे, आणि रीत अशी की योसेफाने तीनदा जागा मागितल्याशिवाय आतून कडी काढायची नाही. पण आई आजपासूनच खुर्ची दाराजवळ घेऊन बसली आहे. यंदा ती पहिल्याच ओळीला रीत मोडणार, असं मला दिसतंय.

तुझीच बेडूक-आवाजाची,
एतेल्का