मापाचा शर्ट

३ जून

आलो बाई एकदाचे! खोली लहान आहे, पण खिडकीत ऊन येतं आणि नळाला दिवसभर पाणी. यांना छापखान्यात नोकरी, मलाही लगेच गल्लीतल्या शिंपी मास्तरांकडे शिलाईचं काम मिळालं. मास्तर पोलिसांच्या वर्द्या शिवतात. मी हवालदाराची लेक, वर्दीला इस्त्री करतच वाढले, तेव्हा मला तर माहेरीच आल्यासारखं वाटलं. हे म्हणतात, घरात आधीच तू एक हवालदार होतीस, आता अख्खी चौकी झाली.

५ जून

इथली रीत निराळीच. माप द्यायला कुणी येत नाही. चौकीतून गठ्ठा येतो, त्यात मापाला एकेकाचा घरचा जुना शर्ट. त्यावरून वर्दी बेतायची. एका शर्टाच्या खिशात लहान मुलाने काढलेलं, बटाट्यासारख्या डोक्याच्या माणसाचं चित्र होतं. शर्ट परत कधी न्यायला येतात विचारलं, तर मास्तर म्हणाले, नेत नाहीत. मागच्या खोलीत ढीग छताला टेकलाय.

८ जून

भर दुपारी दारातून यांची सायकल चोरीला गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुसरी घ्या, पण तक्रारीच्या फंदात पडू नका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ठीक, पण इथे लोक चौकीच्या गल्लीतूनही जात नाहीत. वर्दी दिसली की पोरांना घरात ओढतात. मला रागच आला. माझे वडील लोकांच्या एका हाकेला धावायचे. हे म्हणत होते, जाऊ दे गं, जुनीच तर होती. मीच पिच्छा पुरवला. शेवटी गेले चौकीत, निळा शर्ट घालून. कॉलर विरली म्हणून मीच उलटवून शिवलाय तो, हिरव्या दोऱ्याने. निळा संपला होता.

९ जून

हे आले नाहीत. मी चौकीत गेले. खुर्ची दिली, पाणी दिलं, गोड बोलले. असा कुणी आलाच नाही म्हणाले.

काकूंनी दार उघडलं नाही, खिडकीतूनच बोलल्या. त्यांच्या थोरल्याचं पाकीट कुणी मारलं, ते सांगायला तो चौकीत गेला होता. परवा कोपऱ्यावर दिसला, वर्दीत. आईला म्हणाला, बाई, बाजूला व्हा.

११ जून

नवा गठ्ठा आला. वरचाच शर्ट निळा. कॉलर उलटवलेली. हिरवा दोरा.

शर्ट उचलून मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "शीव. माझ्या भावाची वर्दी मी शिवली नव्हती. तो तसासुद्धा परत दिसला नाही."

१२ जून

शिवली. यांचा डावा खांदा बोटभर उतरता आहे, तसाच बेतला. खिशाच्या आत हिरव्या दोऱ्याचा एक टाका घातला, यांना आठवावं म्हणून. देवा, मी का पाठवलं यांना?

१४ जून

दार वाजलं. दोनदा मुठीने, मग बोटांनी — यांचंच वाजवणं. धावत उघडलं.

वर्दीत हे. खांदा उतरता. मेली वर्दी बसलीय पण अगदी बेतशीर. अहो म्हटलं. बघितलं, पण माझ्या तोंडाकडे नाही. खांद्यांकडे, बाह्यांकडे. म्हणाले, "बाई, तुम्ही चौकीत तक्रार घेऊन आला होतात. मापाला एक कपडा द्या."

दार लोटलं. कडी घातली.

अजून बाहेरच आहेत. काकूंची खिडकी लागल्याचा आवाज आला — मग पलीकडची — मग सगळ्यांच्याच —

पुन्हा वाजवतायत. आता आवाज हळू. "अगं, मी आहे. उघड ना."

अगं म्हणाले — टाका हाताला लागला असेल — ओळखलं असेल मला — की असंच बोलायला शिकवतात तिथे —

रडतायत वाटतं — अहो, थांबा — कडी —