लुक आफ्टर

गुरुवार, संध्याकाळ. ठाकुर्ली.

मागच्या आठवड्यात इंग्लिशच्या क्लासात ‘लुक आफ्टर’ शिकले. म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं. आज तेच कामी आलं! अमेरिकेतली नात व्हिडिओ कॉलवर विचारते, “आजी, हू लुक्स आफ्टर यू?” मागून तिचा बाबा लगेच, “तेच म्हणतोय आई, दिवसभराची बाई ठेवू या.”

सांभाळायला? मला?

मी फोन दाराजवळ खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्यांकडे फिरवला. बिल्डिंगमधले सगळे कामावर जाताना किल्ल्या माझ्याकडेच ठेवून जातात. म्हटलं, “आय लुक आफ्टर ऑल दीज होम्स!” एका दमात, न अडखळता. नातीने टाळ्या पिटल्या.

उठते. बेल वाजतेय. तिसऱ्या मजल्यावरची किल्ली हवी असणार.