जे माझं होतं, ते ठेवा म्हटलं होतं

ता. ४ मार्च

चि. बुटकीस अ. उ. आ.,

धाकट्या बहिणीला असलं पत्र लिहायची वेळ यावी, याहून मोठी फजिती नाही. पण तू वीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स आहेस आणि तुझी वहिनी म्हणते, लाज धरून बसलात तर बसूनच राहाल. म्हणून लिहितो.

साखरेच्या आजाराने माझ्या पुरुषपणाचं काय झालं होतं ते तुला वहिनीने सांगितलंच आहे. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी इम्प्लांट बसवायचं ठरलं. पण तोवर माझं सगळं संपलं नव्हतं गं. अर्धंमुर्धं का होईना, आपलं आपण रक्त भरायचं, ऊब यायची. डॉक्टरांना मी दोनदा सांगितलं, की यंत्र बसवा, पण जे माझं आहे ते ठेवा. ते म्हणाले, आतली नैसर्गिक ऊती वाचवण्यातच तर माझा हातखंडा आहे. तसं फॉर्मवर लिहूनही घेतलं.

आता पाच महिने झाले. पंप दाबला की यंत्र चालतं, तक्रार नाही. पण ऊब गेली. आपलं आपण काहीच होत नाही. विचारायला गेलो, तर दोन शिकाऊ डॉक्टरांसमोर हसले आणि म्हणाले, काका, या वयात गाडी चालतेय ना, मग इंजिन कुणाचं हे कशाला बघता? तेही दोघे हसले. बुटके, ते हसू माझ्या डोक्यातून जात नाही. मला एवढंच सांग, यांनी आतलं खरवडून काढलं का?

तुझा,
दादा

ता. ११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.,

पत्र स्वयंपाकघराचं दार लावून वाचलं. तुझ्या भाच्याने विचारलं, मामाचं काय एवढं गुपित? म्हटलं, मामाच्या कारखान्यातलं लेथचं काम आहे, तुला कळणार नाही.

आता नीट ऐक. आत दोन्ही बाजूंना स्पंजासारखी ऊती असते, तिच्यात रक्त भरतं. यंत्राच्या नळ्या तिथे बसवायच्या दोन रीती. एकीत लहानापासून मोठ्यापर्यंत सळ्या एकामागून एक घालून वाट रुंद करतात, त्यात स्पंज बराचसा चिरडतो. पुष्कळ चांगले डॉक्टर तसंच करतात आणि तसं आधी सांगतात. दुसरीत सळ्या न घालता नळी हलक्या हाताने सरकवतात. स्पंज पुष्कळसा राहतो, ऊबही राहते. पण त्याला वेळ आणि धीर लागतो.

खोटं सांगत नाही दादा, चिरडलेलं परत येत नाही.

कागद माग. डॉक्टरांनी लिहिलेली ऑपरेशनची नोंद आणि नर्सने भरलेली हत्यारांची यादी. आम्ही उघडलेली प्रत्येक वस्तू लिहितो. तुला तो हक्क आहे. पण कुणाची कॉलर धरायला जाऊ नकोस, तुझा राग मला ठाऊक आहे.

वहिनीला नमस्कार. माया अशीच असू दे.

तुझी,
बुटकी

ता. २ एप्रिल

चि. बुटकीस अ. उ. आ.,

चार हेलपाटे घातले, कागद मिळाले. डॉक्टरांची नोंद म्हणते, ‘सळ्या वापरल्या नाहीत, नैसर्गिक ऊती राखली.’ नर्सची यादी म्हणते, आठ नंबरपासून तेरा नंबरपर्यंत सगळ्या सळ्या वापरल्या, धुवायला पाठवल्या. एकतीस वर्षं मी टर्नर आहे. भोक मोठं करायलाच क्रमाने रीमर फिरवतात, हे मला कुणी शिकवू नये.

आणि गंमत बघ. परवा त्यांच्याकडूनच फोन आला. डॉक्टरांचा मोठा मेळावा आहे, ऊती वाचवण्यावर त्यांचं भाषण आहे, त्यानंतर नव्या विभागाचे प्रमुख म्हणून त्यांचं नाव जाहीर होणार. समाधानी पेशंट म्हणून मी दोन शब्द बोलावेत. काका गरीब आहेत, बोलतील गोड, असं वाटलं असणार. मी फार गोड आवाजात हो म्हटलं.

वहिनी म्हणाली, यातून तुम्हाला काय मिळणार? म्हटलं, त्याचं तोंड बघायला मिळेल. मला तेवढंच पुरे.

दादा

ता. ९ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.,

तुझं पत्र वाचलं. त्या यादीखाली एका नर्सची सही असणार. तू कागद फडकावशील आणि नोकरी तिची जाईल. म्हणून तिचा शोध घेतला, ओळखीतून सापडली. माझा राग धरू नकोस, पण तिला सगळं सांगितलं.

तिने काय सांगितलं, ऐक. या पेशंटने ऊती राखायला सांगितली आहे, अशी आठवण तिने टेबलापाशी दोनदा करून दिली. डॉक्टर म्हणाले, पुढचा पेशंट थांबलाय, तू तोंड बंद ठेव. पुढच्याच आठवड्यात तिला थिएटरमधून काढून औषधांच्या कोठारात बसवलं. ती म्हणते, माझी सही झाकू नका, सहीसकट वाचा.

मग वाच, दादा. आणि सावकाश वाच.

बुटकी

ता. १८ मे

चि. बुटकीस अ. उ. आ.,

उत्तराला उशीर झाला, पण आता सगळं सांगण्याजोगं झालं आहे.

मेळाव्यात डॉक्टरांनी मला खांद्याला धरून व्यासपीठावर नेलं. मी आधी नोंद वाचली. ते मान डोलावत होते. मग यादी वाचली, एकेक नंबर घेऊन, सहीसकट. तेरावर आलो तेव्हा मान थांबली. मी विचारलं, ऊती वाचवायला यातली कुठली सळी लागते? ते म्हणाले, पेशंटला यातलं कळत नाही. मी म्हटलं, टर्नरला कळतं. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क डॉक्टरबाईंनी हात पुढे करून कागद मागितले, वाचले आणि तोच प्रश्न आमच्या डॉक्टरांना विचारला. बुटके, त्यांचं तोंड! पाणी प्यायला पेला उचलला तो तसाच खाली ठेवला. मी डोळे भरून पाहिलं. घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवलो.

नव्या विभागाचं प्रमुखपद गेलं. चौकशी बसली, ऑपरेशन करायला बंदी आली. जुन्या बारा फायली काढल्या, त्यातल्या आठांत हेच. ती नर्स पुन्हा थिएटरात गेली.

पण मंगळवारी दाराशी एक गृहस्थ आला, त्या आठांतला. शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणाला, दोन वर्षं मी सुखात होतो. वाटायचं, ऊब वयामुळे गेली, कुणाचा दोष नाही. आता बायकोशेजारी पडलो की मला फक्त त्या सळ्या दिसतात. तुमचा सूड झाला, मला काय मिळालं?

मी त्याला आत बसवलं. वहिनीने चहा ठेवला. मी कप त्याच्यापुढे सरकवला. न पिताच तो उठला.

येत्या सोमवारी चौकशीत साक्ष आहे. सात जण येणार, तो येणार नाही. मी जाणार. त्या डॉक्टरच्या हाती पुन्हा चाकू जाऊ नये म्हणून, हे सगळ्यांना सांगतो. तुला खरं सांगतो, तो पेला पुन्हा त्याच्या हातातून खाली जाताना बघायचा आहे, म्हणूनही.

दादाला वाईट म्हणायचं असेल तर म्हण, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
दादा