सात सेकंदांचा इशारा

सोमवार, ३ नोव्हेंबर
नोकरी लागली! अकरा वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्या, मग तिथं यंत्र आलं आणि माझीच गाडी चुकली. आता पैजा लावायच्या ॲपची कंपनी. जाहिरातीच्या शेवटी इशारा असतो ना, तो वाचायचा: ‘या खेळाची सवय लागू शकते. जपून खेळा. सुटत नसेल तर मदत मागा.’ बरोबर सात सेकंद. बंद खोली, भिंतींना जाड फोम, माईकपुढे कोमट पाण्याचा पेला. रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले, आवाजात माया आहे. धाकटा भाऊ तर हसून हसून लोळला. ताई, मला इतकी वर्षं फुकट दटावलंस, आता पगार घेऊन लोकांना दटाव, म्हणाला. आईमागं मीच त्याला वाढवलं, तेवढं बोलायचा हक्क आहे त्याला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
हाच इशारा आता ॲपमध्येही लागणार, प्रत्येक डाव उघडायच्या आधी. साहेब म्हणाले, नमनाला घडाभर तेल कशाला? सातचे पाच सेकंद झाले, पाचाचे दोन. इशारा हवा असं नियमात आहे. किती भरभर, ते लिहिलेलं नाही. काकांनी शब्दांमधले माझे श्वास कापून टाकले. ऐकलं तर माझंच बोलणं मला कळेना. काका नजर चुकवून म्हणाले, कळलं तर लोक थांबतील ना.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
धाकटा खेळतो. माझा आवाज ऐकायला म्हणून पहिल्यांदा उघडलं, म्हणाला. फार वाईट वाटलं. जेवताना मी म्हटलं, पुरे आता. त्याचा अंगठा ताटाच्या कडेवर वरखाली व्हायला लागला. फोन तर दुसऱ्या खोलीत होता. त्याच्याही ते लक्षात आलं आणि तो हसला.

शुक्रवार, ५ डिसेंबर
दुकानात साबण मागितला. रांगेतल्या तिघांचे अंगठे हलले. दुकानदाराचाही, वजनकाट्यावर. मी बोलले की डाव उघडतो, एवढंच त्यांना ठाऊक. शब्द कुणाच्या कानात शिरतच नाहीत.
साहेबांना म्हटलं, माझा आवाज काढा. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, इशारा काढणं बेजबाबदारपणाचं होईल.

सोमवार, ८ डिसेंबर
धाकट्यानं आपणहून ॲपमधल्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून मीच बोलले. हे मी कधी वाचलं? जुने तुकडे जोडलेत. माझं ऐकता ऐकता तो रडत पुन्हा खेळायला लागला. नोकरी सोडून आले. आवाज त्यांच्याकडेच राहिला.

गुरुवार, ११ डिसेंबर
घरात बोलत नाही. चिठ्ठ्या लिहिते. त्यानं फोन नदीत टाकला, तरी अंगठा थांबत नाही. नख उखडलंय. पट्टी बांधली, तर पट्टीसकट —

शनिवार, १३ डिसेंबर
घरासमोरच्या जाहिरातीच्या फलकाला भोंगा लावलाय. दर दहा मिनिटांनी मी. खिडक्या लावल्या, गाद्या टेकवल्या — तरी येतंच. तो कान दाबून ओरडला, ताई, गप्प बस ना गं. मी तर गप्पच —

रविवार, १४ डिसेंबर, दुपार
सकाळपासून त्यानं आतून कडी लावली आहे. दाराखालून चिठ्ठ्या सरकवल्या. पहिल्या दोन त्यानं आत ओढल्या. बाकीच्या तशाच पडून.
आत फरशीवर अंगठा आपटत होता. टक, टक. मघापासून तेही नाही.
शेजारी सुताराला आणायला गेलेत. अजून येत नाहीत —
हाक मारली तर — न मारली तर —
लहानपणी ज्या नावानं हाक मारायचे, त्याच नावानं मारते. एकच. हलू दे अंगठा. मोडू दे दार. त्यानं फक्त एकदा ओ